न भेटलेली घरं

विजू,

काल शाळेत तुझी शोकसभा झाली. स्टेजवर टेबल, टेबलावर तुझा फोटो. ओळखपत्रासाठी काढलेला तो, ज्यात तू फोटोग्राफरवर चिडल्यासारखी बघतेस. हार फोटोपेक्षा मोठा होता, त्यामुळे कपाळ आणि डोळे तेवढे दिसत होते. संस्थेचे सेक्रेटरी साहेब बोलले. प्रिन्सिपल मॅडम बोलल्या. मग इंग्रजी विभागातली दोन हुशार मुलं बोलली, घरून लिहून आणलेलं. त्यांनी तुला 'विजया मिस' म्हटलं. तू आयुष्यभर 'बाई' होतीस, ते त्या दोघांना माहीत असायचं कारण नाही.

'आकड्यांवर निस्सीम प्रेम करणारी शिक्षिका आपण गमावली,' असं सेक्रेटरी म्हणाले. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसले होते. तुझ्या आकड्यांच्या कागदांवर ज्या माणसानं चहाचा कप ठेवला होता, त्याच माणसाच्या तोंडून हे ऐकत होते. नंतर दोन मिनिटं शांतता. मधेच कुणाचा तरी मोबाइल वाजला.

बोलणाऱ्यांत मराठी विभागातलं कुणी नव्हतं. तू शेजारी असतीस तर मला कोपरानं ढोसून म्हणाली असतीस, 'बघ, सोयीचा नमुना.'

हा शब्द मी तुझ्याकडूनच शिकले. मी मराठी शिकवणारी, माझा आकड्यांशी संबंध पगाराच्या दिवसापुरता. पण स्टाफरूमचा पंखा बंद पडला आणि दुरुस्त व्हायला अर्धं वर्ष लागलं, त्या काळात मी वह्या तपासायला तुझ्या नववीच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायचे. तू सांख्यिकी शिकवत होतीस. पुस्तकातला धडा छोटासा. माहिती गोळा करा, तक्ता करा, सरासरी काढा. बाकीचे शिक्षक तो चार तासांत उरकायचे. तू पहिल्याच ओळीवर अडून बसलीस. माहिती गोळा करा म्हणजे कुणाकडून?

तू पहिल्या बाकांवरच्या मुलांना विचारलंस, शाळेत यायला किती वेळ लागतो. कुणी पाच मिनिटं म्हणालं, कुणी सात. फळ्यावर सरासरी काढलीस आणि म्हणालीस, 'म्हणजे आपल्या वर्गाला शाळेत यायला सहा मिनिटं लागतात. बरोबर?'

मागून एक मुलगी म्हणाली, 'बाई, मला पाऊण तास लागतो.'

'मग तू पुढं का नाही बसलीस?'

'मी येते तोवर पुढचे बाक भरलेले असतात.'

तू खडू खाली ठेवलास. वर्गाला ते कळायला थोडा वेळ दिलास. जवळ राहणारी मुलं लवकर येतात, लवकर येणारी पुढं बसतात, आणि आपण पुढच्यांनाच विचारतो कारण ती हाताशी असतात. सोयीचा नमुना. मी वही तपासायची थांबले होते. मला एकदम आमच्या गावाच्या सभा आठवल्या, जिथं पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्यांचं मत म्हणजे गावाचं मत असायचं.

आणखी एकदा तू बिल्डिंगचं गणित घातलंस. सोसायटीत सर्वे करायचा तर दर चौथ्या फ्लॅटचं दार वाजवू, असं एक मुलगा म्हणाला. पद्धतशीर नमुना, पुस्तकात दिलेला. तू विचारलंस, तुझ्या बिल्डिंगमध्ये एका मजल्यावर फ्लॅट किती? चार. मग पहिल्यापासून सुरू करून दर चौथा घेतलास तर कुठले येतील? तो बोटांवर मोजत गेला आणि हसायला लागला. प्रत्येक मजल्यावरचा कोपऱ्यातला एकच, मोठा, दोन बेडरूमचा. 'म्हणजे वन रूम किचनवाल्यांना तू भेटलाच नाहीस,' तू म्हणालीस. 'नियम पाळूनसुद्धा.'

तुझा हा 'नियम पाळूनसुद्धा' मला तेव्हा फार आवडला होता. पुढं त्याच गोष्टीवरून आपलं वाजलं.

आपण दोघी तशा कुठल्याच बाबतीत जुळणाऱ्या नव्हतो. तू कराडकडची, लग्न होऊन नेरूळच्या फ्लॅटमध्ये आलेली, सेक्टर नंबरनं पत्ता सांगणारी. मी तळवलीची. आमचा पत्ता म्हणजे देवळाच्या मागं, कुणालाही विचारा. तू शाकाहारी, आणि माझ्या डब्यात सुकट असली की खिडकीकडं तोंड करून जेवणारी. पण 'उघडू नकोस' असं एकदाही म्हणाली नाहीस. मी शाळेतल्या राजकारणावर तावातावानं बोलायचे आणि तू विचारायचीस, 'हे किती जणांनी सांगितलं तुला?' मी म्हणायचे, सगळेच म्हणतायत. 'सगळे म्हणजे कोण? नावं सांग.' मी नावं मोजायला लागले की तीनच निघायची, आणि त्यातली एक मी असायचे. राग यायचा. घरी जाऊन हसूही यायचं.

मग ते वर्ष आलं. मराठी माध्यम बंद करायचं हे संस्थेनं आधीच ठरवलं होतं, असं मी अजूनही म्हणते. तू म्हणायचीस, पुरावा नाही. असो. त्यांनी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लिंक टाकली. प्रश्न एकच: 'आपल्या पाल्याच्या उज्ज्वल भविष्यासाठी इंग्रजी माध्यम असावे असे आपणास वाटते का?' उत्तर हो किंवा नाही. स्टाफरूममध्ये तू तो प्रश्न मोठ्यानं वाचलास आणि म्हणालीस, 'याला नाही म्हणणारा पालक मला दाखवा. भविष्य अंधारात जावं असं लिहायचं का त्यानं?'

भराभर उत्तरं आली. बहुतेक सगळी 'हो'. संस्थेनं नोटीस लावली की पालकांचा कौल स्पष्ट आहे, आता फक्त औपचारिकता बाकी.

तू प्रिन्सिपल मॅडमकडं गेलीस आणि नववीचा प्रकल्प म्हणून परवानगी मागितलीस. पालकांचं सर्वेक्षण, मुलांनी केलेलं. गणिताचा प्रकल्प आहे म्हटल्यावर त्यांनी सही केली. त्यांना वाटलं असेल, आवडती भाजी, आवडता खेळ, असलं काहीतरी असेल.

ते दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस होते, विजू. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

मराठी विभागातल्या घरांचे तू तीन गट केलेस. गावठाणातली आमची जुनी घरं. सोसायट्यांमधली, सातारा-कोकणातून आलेल्या नोकरदारांची. आणि हायवेलगतच्या चाळींमध्ये भाड्यानं राहणारी, जिथल्या मुलांचे बाप न्हावा शेव्याच्या बंदरावर ट्रेलर चालवतात किंवा यार्डात कामाला आहेत. 'तिन्ही ठिकाणचं जगणं वेगळं आहे, म्हणून उत्तरं वेगळी असू शकतात,' तू मुलांना सांगितलंस. 'सगळ्यांची नावं एकाच डब्यात टाकली आणि चाळीतली नावं नशिबानं कमी आली, तर त्यांचा आवाज कमी येईल. म्हणून प्रत्येक गटाचा डबा वेगळा.' आणि खरोखरच तीन स्टीलचे डबे आणलेस. ज्या गटात जितकी घरं, त्या प्रमाणात चिठ्ठ्या काढायच्या. मुलांनी डोळे मिटून चिठ्ठ्या काढल्या.

एका मुलीला लांबचं घर आलं म्हणून तिनं मैत्रिणीच्या मदतीनं चिठ्ठी बदलून जवळचं घर घेतलं. तुला कळलं. तू ओरडली नाहीस. तिला विचारलंस, 'तुला जवळचं घर का हवं होतं?'

'आई लांब सोडत नाही.'

'मग ते आधी सांगायचं. मी येते तुझ्याबरोबर. पण घर बदलायचं नाही. ते चिठ्ठीत आलंय.'

आणि तू खरंच गेलीस. शाळा सुटल्यावर, साडीचा पदर खोचून, त्या मुलीबरोबर चाळीतल्या जिन्यांवरून चढत.

तळवलीत तुम्ही आलात तेव्हा मी बरोबर होते. चिठ्ठीतलं घर आमच्या शेजारचं. माझी आई ओट्यावर बसली होती. तिनं तुला हाक मारली. 'बाय, तू गनिताची मास्तरीन ना? मंग दारोदार कशाला फिरतंय?'

तू तिला सगळं समजावून सांगितलंस. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'मना पन इचार. मी सांगतंय.'

'आजी, तुमचं मूल आमच्या शाळेत नाही. तुमचं उत्तर धरता येणार नाही.'

'माजी पोर तितं शिकवतं.'

'तरी नाही.'

आईनं तुझ्यासमोरच्या कपाकडं बोट दाखवलं. 'मंग माजा चा कशाला पितंय?'

तू कप हातात धरून इतकी हसलीस की बशीत चहा सांडला. पण उत्तर लिहिलं नाहीस. मी तुला खुणावत होते, लिही ना, म्हातारीचं मन राख. परतताना मी म्हटलं, एक उत्तर लिहिलं असतंस तर काय बिघडलं असतं? तू म्हणालीस, 'तुझी आई मराठीच म्हणणार हे मला माहीत होतं ना. म्हणूनच नको.'

आईनं पुढं किती वर्षं तुझी चौकशी केली. 'ती हट्टी मास्तरीन कशी हाय?'

प्रश्नही तू नीट बनवले होतेस. कुठलं माध्यम हवं, का हवं, आणि मराठी विभाग राहिला तर मूल तिथंच ठेवणार का. मुलांना तंबी दिली होतीस की आपलं मत बोलायचं नाही, मान हलवायची नाही, उत्तर आवडलं तर हसायचं नाही. गावठाण पूर्ण झालं. सोसायट्या पूर्ण झाल्या. सोसायट्यांमधले किती तरी पालक, ज्यांनी लिंकवर 'हो' दाबलं होतं, ते समोरासमोर म्हणाले की मराठी विभाग चालू राहिला तर मूल हलवणार नाही, सेमी इंग्रजी द्या, पुरे. मुलं धावत येऊन तुला सांगायची.

अडलं ते चाळींपाशी. दाराला कुलूप. नवरा ट्रेलर घेऊन गेलेला, बायको दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला. संध्याकाळी जावं तर ती आलेली नसायची, रविवारी जावं तर गावाला गेलेली. मुलांनी पुन्हा पुन्हा खेपा घातल्या. जी दोन-चार घरं सापडली त्यांनी मराठीच हवं म्हटलं. बाकीची सापडली नाहीत. मी म्हटलं, शेजारचं घर घ्या, ते पण ट्रेलरवाल्याचंच आहे. तू म्हणालीस, 'जी बाई दुपारी घरात सापडते तिचं आणि जी सापडत नाही तिचं जगणं सारखं नाही, कुंदा.'

तेवढ्यात संस्थेच्या निर्णयाच्या मीटिंगची तारीख आली.

आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये तू तक्ता पुरा केलास. मी तुझ्या खांद्यावरून बघत होते. सापडलेल्या घरांत मराठी विभाग राहावा म्हणणारे स्पष्टपणे जास्त होते. मला रडू यायचं बाकी होतं. मी म्हटलं, विजू, जिंकलो.

तू म्हणालीस, 'एक गट अर्धवट आहे.'

'ते कोण विचारतंय?'

तू कागद पिशवीत भरलेस. मला वाटलं, तुला पटलं.

मीटिंगमध्ये तू उभी राहून सगळं सांगितलंस. छान सांगितलंस. मराठी विभागाचे आम्ही सगळे शिक्षक एका बाजूला रांगेत बसलो होतो. सेक्रेटरी साहेबांनी कागद चाळले. ते बांधकामाच्या धंद्यातले, कागदात फट शोधायची त्यांना सवय. त्यांनी विचारलं, 'मॅडम, तुमचा हा सर्वे पूर्ण आहे का?'

खोलीत सगळे तुझ्याकडं बघत होते. 'हो' म्हणायचं होतं फक्त. किंवा 'बराचसा'. किंवा नुसती मान हलवायची.

तू म्हणालीस, 'नाही. एका गटातली बरीचशी घरं आम्हाला भेटली नाहीत.'

'मग अपूर्ण माहितीवर संस्थेनं निर्णय घ्यायचा?'

'तुमच्या लिंकवर कोण भेटलं नाही, हे तर तुम्हाला माहीतही नाही. ज्यांच्याकडं फोन आहे, वेळ आहे, त्यांनीच ती भरली. आमच्याकडं निदान कोण राहिलं ते सांगता येतं.'

'पण आमच्याकडं उत्तरं जास्त आहेत, मॅडम. तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त.'

'उत्तरं जास्त असली म्हणजे खरी असतात असं नाही,' तू म्हणालीस, आणि समजावून सांगायला लागलीस. त्याच शांत आवाजात, जसं नववीला सांगायचीस. शिपाई चहा घेऊन आला. सेक्रेटरींनी तुझे कागद जरा सरकवले आणि कप त्यावर ठेवला. प्रिन्सिपल मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. तू वाक्य पूर्ण केलंस.

पुढच्या जूनपासून मराठी विभागात नवे प्रवेश बंद झाले.

बाहेर पडल्यावर आपण ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेनं चालत होतो. ट्रक एकामागून एक जात होते, ओरडून बोलावं लागत होतं. ते बरं झालं, कारण मला ओरडायचंच होतं.

'त्यांनी खोटेपणा केला आणि ते जिंकले. तुला एक शब्द गिळता आला नाही?'

'त्यांनी विचारलं, कुंदा.'

'मग अर्धं सांगायचं.'

'अर्धं सांगायचं तर मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय?'

'फरक हा, की आपली मुलं रस्त्यावर येणार. ती मागच्या बाकावरची, पाऊण तास चालत येणारी. तिच्यासाठी तू एवढं नाही करू शकलीस?'

'तिच्या आईला कुणी विचारलं का, हाच तर प्रश्न आहे. मी तिच्या नावानं उत्तर कसं देऊ?'

'मला उत्तर माहीत आहे.'

'तुला तुझं उत्तर माहीत आहे,' तू म्हणालीस.

त्यावर मी रिक्षा थांबवली आणि तुला तिथंच सोडून निघून गेले. ते भांडण संपलं नाही, विजू. नंतर आपण बोलत होतो, डबाही एकत्र खात होतो, पण ते भांडण डब्याशेजारी असायचंच. मराठी विभाग एकेक वर्ग करून विझत गेला. काही शिक्षकांना घरी बसावं लागलं. मला इंग्रजी विभागात ठेवलं, आठवड्याचे थोडे तास मराठी आणि बाकी वेळ लायब्ररीतली पुस्तकं मोजायची. पोरं मला 'मराठी मिस' म्हणतात. तुला मात्र गणित होतं. गणिताला माध्यम लागत नाही, असं तू म्हणायचीस, आणि ते ऐकलं की मला तुझा फार राग यायचा. तुला काय जातंय म्हणायला. तुझा विषय बंद होणार नव्हता.

तुझं प्रामाणिकपण कुणाच्या उपयोगी आलं, हे मी तुला अनेकदा मनात विचारलं. एकट्या सेक्रेटरींच्या उपयोगी आलं.

मग तुझं ते पोटात दुखणं, आधी अॅसिडिटी म्हणून काढलेलं, आणि डॉक्टरांनी नाव सांगितल्यावर आपण कुणीच न उच्चारलेलं. शेवटी भेटायला आले तेव्हा तू नेरूळच्या घरी खिडकीशी पलंगावर होतीस. भाऊजींनी दार उघडलं आणि चहाला आत गेले. तुझे हात इतके बारीक झाले होते की बांगड्या काढून ठेवल्या होत्या. तू मला शाळेचं विचारलंस. मी लायब्ररीचं सांगितलं. मग तू म्हणालीस, 'कुंदा, तुला एक सांगायचं होतं. त्या चाळीतल्या घरांचं.'

मी म्हटलं, 'सांग.'

तू माझ्याकडं बघत राहिलीस. तू डोळे बारीक करून बघत होतीस, उत्तरपत्रिकेत कुठल्या पायरीला मूल चुकलं ते शोधताना बघायचीस तशी. मग म्हणालीस, 'काही नाही. आई कशी आहे?'

मी आईचं सांगत बसले. भाऊजी चहा घेऊन आले. मी निघाले. त्यानंतर आपण भेटलो नाही.

औषधानं तुझं मन एका जागी राहत नसेल, असं मी धरून चालले होते. आज सकाळपर्यंत.

आज सकाळी गिरणीत दळण घेऊन गेले होते. नंबर लावून बसले तर शेजारी एक बाई. म्हणाली, 'तुमी मराठीच्या बाई ना?' ती आधी हायवेकडच्या चाळीत राहायची, हल्लीच आमच्या गावात खोली घेतली. नाव रेखा. नवरा ट्रेलरवर. मुलगी आपल्याकडं मराठी विभागात होती, पाचवीला. मी ओळख दाखवली. मग ती म्हणाली, 'त्या गनिताच्या बाई बी आलत्या आमच्याकडं. नंतर.'

'नंतर म्हणजे?'

'शाळेचं सगळं ठरल्यावर. आधी पोरं आलती म्हणं, तवा मी कामावर. बाई एकट्याच आल्या. मी नव्हते तर परत आल्या. तिसऱ्या टायमाला मी गावले.'

मी विचारलं, 'काय विचारलं त्यांनी?'

'तेच. कुठलं माध्यम हवं, का हवं. मी म्हणलं, बाई, आता इचारून काय उपेग, बंद झालं ना? तर म्हणल्या, उपयोग नाही, पण मला माहीत करून घ्यायचंय.'

'मग तुम्ही काय सांगितलं?'

रेखानं पदरानं पिठाची धूळ झटकली. 'खरं सांगू का? मी म्हणलं, इंग्रजीतच घालणार होतो. आमचा मालक ट्रेलर घेऊन यार्डात जातो, तिथला साहेब इंग्रजीत कागद देतो, ह्याला काय कळत नाय, चार जनांना इचारत फिरतो. पोरीला तसं नको. मराठी काय, घरात बोलतोच की.'

गिरणीचा आवाज मोठा होता. मी तिला पुन्हा विचारलं, ऐकू आलं असूनही. तिनं पुन्हा तेच सांगितलं.

'आणि बाकीच्या घरी पण गेल्या होत्या बाई?'

'समद्यांच्या. ज्यांची चिठ्ठी निघाली व्हती त्यांच्या. पन काय म्हणलं कुनी, ते नाय माहीत. एकेकीला येगळं बसवून इचारलं त्यांनी. शेजारणीला बी बसू दिलं नाय.'

म्हणजे तू गेली होतीस. सगळं संपल्यावर, कुणी विचारणार नाही, कुणाला दाखवायचं नाही, तेव्हा तू नेरूळहून एकटी येऊन त्या जिन्यांवर चढलीस. गट पूर्ण केलास. तुझ्याकडं पुरं उत्तर होतं. आणि तू ते मला सांगितलं नाहीस. वर्षानुवर्षं माझ्या शेजारी बसून डबा खाल्लास, माझे टोमणे ऐकलेस, आणि गप्प राहिलीस.

का? त्या घरांनी इंग्रजी म्हटलं म्हणून? मी ज्यांच्या बाजूनं भांडत होते त्यांना मी नकोच होते, हे मला कळू नये म्हणून? मग तुला कुणी सांगितलं होतं मला सांभाळायला? माझ्या आईचं एक उत्तर तू धरलं नाहीस, चहा पिऊनसुद्धा. सेक्रेटरींसमोर एक शब्द गिळला नाहीस. आणि माझ्यासाठी सगळंच्या सगळं गिळलंस. माझ्या बाबतीत तुझा नियम कुठं गेला?

की उलट होतं? बाकीच्या सगळ्यांनी मराठीच म्हटलं, एकटी रेखा वेगळी निघाली, आणि आपण खरंच जिंकलो होतो हे तुला सहन झालं नाही? मीटिंगमध्ये थोडं थांबले असते, आणखी दोन रविवार मागून घेतले असते तर, असं तुला रात्रंदिवस वाटत राहिलं?

मला माहीत नाही. एका घरावरून काही कळत नाही, हे तूच शिकवलंस. मी भाऊजींना फोन केला. ते म्हणाले, रविवारी बाहेर जायची खरी, विचारलं तर म्हणायची, शाळेचं काम आहे. मी त्या चाळीत जायचं ठरवलं होतं आज. पण निम्म्या लोकांनी खोल्या बदलल्यात, मुलं कधीच दुसऱ्या शाळांत गेली, मोठी झाली. आता विचारलं तर ते आजचं उत्तर देतील. तेव्हाचं उत्तर फक्त तुझ्याकडं होतं.

तुझ्याबद्दल कृतज्ञ वाटावं असं सगळं आहे. मला माणसं मोजायला तू शिकवलंस. मागच्या बाकांकडं आधी बघायला तू शिकवलंस. पण आज मला तुझा राग आलाय, आणि हा राग घेऊन जायला आता घर नाही. नेरूळच्या त्या दारात भाऊजी उभे असतात, आणि त्यांच्याशी मी काय भांडू.

सकाळी गिरणीत रेखाचं दळण आधी झालं. तिनं डबा कमरेवर घेतला आणि विचारलं, 'त्या बाई कुठं असतात आता?'

मी म्हटलं, 'गेल्या.'

'गावाला व्हय? कराडकडच्या ना त्या?'

गिरणीवाला माझा डबा ओतत होता. मी म्हटलं, 'हो.'

'फोन झाला तर सांगा त्यांना,' ती म्हणाली. 'जाताना म्हणल्या होत्या, पोरीला इंग्रजीतून गणित जड जाईल, लक्ष ठेवा. त्यांना म्हणावं, पोरगी दहावी पास झाली, गनितात कशीबशी.'

'सांगते,' मी म्हटलं.

विजू, रेखाची मुलगी पास झाली. गणितात काठावर.